सगळ्यातले सेल काढून ठेव

३० मे. मृग आठवड्यावर आला, म्हणून आज बिनवापराच्या वस्तूंतले सेल काढायला बसले. दोन विजेऱ्या, माळ्यावरचं घड्याळ, सासऱ्यांचा रेडिओ, मुलाची जुनी रिमोटची गाडी. पावसाळ्याच्या ओलाव्यात पडून राहिलेला सेल पाझरतो, पाझरला की आतला पत्रा खातो, आणि मग वस्तू भंगारात जाते. पाच मिनिटांचं काम. नवरा दरवर्षी मला हसतो आणि दरवर्षी श्रावणात वीज गेली की चालू विजेरी माझ्याकडेच मागतो.

हे मला शिकवलं माझ्या पहिल्या घरमालकांनी. ते घड्याळं दुरुस्त करायचे. आज मी रेडिओचं झाकण उघडून बसले होते तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, वनिताचा, शहापूरहून फोन आला.

"ताई, बाबांची ती कॅसेट तुमच्याकडंच हाय ना? आईची?"

"आहे. का गं?"

"कल्याणची दोन माणसं येनार हायेत रविवारी. असे लोकांनी घरी बनवलेले जुने गेम गोळा करतात. बाबांच्या गेमची नक्कल करून ठेवू म्हनतात. मी हो बोलले. पन त्यांच्या हातात द्यायच्या आधी मला एकदा बघायचाय. आई कुठपर्यंत पोचली होती ते. इतकी वर्षं धीरच नाय झाला."

मी म्हटलं, उद्या सकाळी येते. फोन ठेवला.

त्या कॅसेटमध्ये तिच्या आईचं काहीही नाही. वीस वर्षांपूर्वी माझ्याच हातून ते पुसलं गेलं. मी समजत होते की तिला हे तेव्हाच कळलं असेल. तिला कुणी सांगितलेलंच नाही, हे आज तिच्या बोलण्यावरून समजलं. आता मलाच सांगायचं आहे, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

मी चोवीस वर्षांची असताना मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागले. खोली शोधत होते. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक दुकान, पुढे ओटा, मागे घर, आणि घराला चिकटून भाड्याची खोली. दुकानात एक किडकिडीत माणूस डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग, लावून घड्याळात डोकं घालून बसला होता. मी खोलीबद्दल विचारलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काम काय करते?"

"दवाखान्यात रक्त तपासते."

"हात कापतात का तुझे?"

"नाही."

"मग सामान आन."

नाव, गाव, जात, लग्न, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाक आली, "बाय, जरा हा स्क्रू धर." तो स्क्रू तिळाहून लहान होता. मी चिमट्यात धरला, त्यांनी बसवला. भाड्याच्या खोलीबरोबर हेही काम आहे हे तेव्हा कळलं. मला आवडलं. दवाखान्यात दिवसभर लोक कण्हायचे. इथे कुणी कण्हत नव्हतं.

काका स्वतः घड्याळ वापरत नसत. वेळ विचारली की गिऱ्हाइकाकडे बघायचे. दुकानात पंचवीस-तीस घड्याळं टांगलेली, प्रत्येकाची वेळ वेगळी. मी एकदा सगळी एका वेळेला लावून ठेवली तर रागावले. "माझ्याकडं आला तवा ज्या वेळेला बंद पडला होता, तिथूनच चालू करायचा. मधला वेळ त्याचा नाय, माझा हाय." जेवताना आयग्लास कपाळावर सरकवलेला असे. काकी म्हणत, "एक दिवस भातात पडंल." एक दिवस वरणात पडला. त्यांनी काढला, पुसला आणि पुढचा घास घेतला.

"किती वेळ लागेल?" असं कुणी विचारलं की ते घड्याळ परत करायचे. "ज्याला घाई हाय त्याला कल्यानला खूप दुकानं हायेत."

आणि सेल मोजायच्या मीटरवर जे दिसेल तेच सांगायचं, याबाबतीत ते भयंकर होते. एकदा एका लग्नघरची मंडळी आली. नवऱ्या मुलाला सासऱ्याने दिलेलं सोनेरी घड्याळ बंद पडलं होतं. सासरा स्वतः घेऊन आला होता, बरोबर जावई. काकांनी उघडलं आणि म्हणाले, "आतला माल दीडशेचा हाय. वरचा मुलामा चांगला हाय." सासऱ्याचा चेहरा पांढरा पडला. काकी आतून धावत आल्या, त्यांना सरबत दिलं, सारवासारव केली. मंडळी गेल्यावर त्या म्हणाल्या, "जरा खोटा बोलला असता तर काय झाला असता हो?" काका म्हणाले, "सेल दीड व्होल्टचा असला तर दीडच. त्याला मी दोन कसा बोलू?" हे उत्तर ते सगळ्याच बाबतीत द्यायचे. काकींनी पुढे वाद घालणं सोडून दिलं होतं.

काकांना हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचा नाद कसा लागला, ते काकींनी मला सांगितलं. भिवंडीकडचा कुणी आखातातून परत आला, त्याने मुलासाठी आणलेलं यंत्र बंद पडलं. हातात मावणारं, करडं, विटेएवढं जड. वरून बोटभर कॅसेट खोचायची, की खेळ सुरू. इतके बारीक स्क्रू फक्त घड्याळवाल्याकडेच निघतील म्हणून तो इथे घेऊन आला. काकांनी ते नीट केलं आणि चालतंय का बघायला म्हणून खेळले. यंत्र दोन दिवसांत नीट झालं होतं, पण परत द्यायला दोन महिने लावले.

मी आले तेव्हा दुकानात अशी दहा-बारा यंत्रं होती. लोकांची नादुरुस्त घेतलेली, दोन मोडकी मिळून एक केलेली. त्यांच्या काचेला आतून उजेड नव्हता. हिरवट पडद्यावर काळसर चित्रं. खेळायचं तर बाहेर उजेडातच बसावं लागे. त्यामुळे दुपारी आमचा ओटा बघण्यासारखा असे. बँकेतला शिपाई, मुरबाड-कल्याण गाडीचा एक कंडक्टर, भाजीवाली एक म्हातारी, असे चार-पाच मोठे लोक रांगेत बसून माना खाली घालून खेळत. ऊन सरकलं की सगळी रांग एक हात सरके. एसटीचा हॉर्न वाजला की कंडक्टर यंत्र ओट्यावर उपडं ठेवून पळायचा आणि टोकावड्याहून आलेली माणसं गाडीत बसलेली असायची, याची वाट बघत.

काकांची खेळांबद्दलची मतं ठाम होती. प्रत्येक कॅसेटच्या डबीला एक चिठ्ठी चिकटवलेली. तीनच शेरे: "खेळावा", "नाही खेळला तरी चालेल", "वेळ गेला". वरून पडणारे ठोकळे रचायचा जो जुना खेळ असतो, तो त्यांच्या मते सगळ्यांत खरा. "ह्यात कुनी जिंकत नाय. फक्त हरायचा लांबवायचा." भाजीवाली म्हातारी त्यात सगळ्यांच्या पुढे होती. तिचं म्हणणं, टोपलीत वांगी रचण्यापेक्षा हे सोपं आहे.

पुढे त्यांना कळलं की परदेशात काही लोक हेच जुने खेळ उघडतात, आतली चित्रं, नकाशे, बोलणं बदलतात आणि आपला नवा खेळ करून फुकट वाटतात. कल्याणच्या सायबर कॅफेत जाऊन ते असे खेळ उतरवून आणत. एक जुना संगणक घेतला, कॅसेटच्या चिपवर लिहायचं यंत्र मुंबईच्या बाजारातून आणलं. इंग्रजी त्यांना बेताचंच येई. माझ्याकडून ओळीओळीचा अर्थ लावून घेत. मला खेळात गोडी नव्हती, पण एखादी गोष्ट उघडून बदलता येते, हे मला पटलं.

बदललेल्या खेळांबाबत त्यांचा एकच नियम: आधी मूळ खेळ पुरा करायचा, मगच बदललेला मिळणार. कंडक्टर फार विनवण्या करायचा.

"काका, मूळ मला जमत नाय हो. शेवटचा राक्षस मरतच नाय."

"मग मूळच खेळ. वरिजिनल कालवन खाल्लाच नाय तर त्यात कुनी काय घातला ते कसा कळनार तुला?"

बहुतेक बदललेल्या खेळांवर त्यांचा शेरा "वेळ गेला" असे. लोक फक्त शत्रू वाढवतात, उड्या अवघड करतात, म्हणायचे. "तिखट वाढवला म्हणजे कालवन चांगला होत नाय." एका माणसाने मात्र एक खेळ असा बदलला होता की त्यात गुहेत दिवा नव्हता, नुसत्या आवाजावर चालायचं. त्याला त्यांनी "खेळावा" लिहून खाली आणखी एक रेघ मारली होती. इतका मान दुसऱ्या कशाला मिळालेला मी पाहिला नाही.

आणि एक खेळ त्यांनी स्वतः केला. काकींसाठी.

काकींचे गुडघे गेले होते. माहेर टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला. लहानपणी शेवळं, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या गोळा करत डोंगरभर फिरलेली बाई आता ओट्यावरून खाली उतरताना भिंत धरायची. मूळ खेळ असा होता की गावोगाव हिंडायचं, गवतात प्राणी भेटतात, त्यांच्याशी मारामारी करून त्यांना पकडायचं. काकींना इंग्रजी वाचता येत नसे, आणि मारामारीही आवडली नाही. "मुक्या जनावराला मारून त्याला पाळनार? असा कुठं असतो?" काका वर्षभर त्या खेळाला बसले. गावं बदलली. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, घाट. दुसऱ्या अंगाला शहापूर, कसारा, उंबरमाळीचं रान. गवतात मुंगूस, घोरपड, चिंबोरी, टिटवी. आणि मारामारीच्या जागी भाकरी. भाकरीचा तुकडा टाकायचा. आवडला तर प्राणी मागोमाग येतो, नाही तर जातो. बस.

बोलणं सगळं मराठीत. पण त्या पडद्यावर अक्षराला जागा इतकी कमी की जोडाक्षर मावत नसे. म्हणून त्या खेळातली सगळी माणसं बिनजोडाक्षराचं बोलतात. आणि म्हणूनच त्या खेळात कल्याणला जाता येत नाही. रस्त्यावर आडवा दगड टाकलाय आणि एक पोलीस सांगतो, "पुढे काही नाही." कंडक्टरने हे ऐकलं तेव्हा तो फार दुखावला. "माझी गाडीच बंद केली तुमी!"

काकी रोज दुपारी दीड ते तीन खेळायच्या. घाई नाही. एका झाडाखाली दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहायच्या. घोरपडीला त्यांनी आपल्या सासूचं नाव दिलं होतं. मी काकांकडे पाहिलं तर ते म्हणाले, "आईला आवडला असता. चिकट होती." काकी घाटाच्या शेवटच्या वळणापर्यंत पोचल्या आणि तिथे थांबल्या. पुढे एक दार होतं, त्यातून गेलं की खेळ संपतो. त्या गेल्याच नाहीत. रोज वळणापर्यंत जायच्या आणि परत फिरायच्या.

"काकी, जा की आत. बघा तरी काय आहे."

"गेले की संपला. मग उद्या दुपारी काय करू गो?"

मी राहायला गेल्याच्या तिसऱ्या वर्षी, पौषात, काकी गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दवाखाना. रक्त मीच तपासलं होतं. त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही.

वनिता तेव्हा शहापूरला शाळेत शिकवायची, मावशीकडे राहायची. तेराव्यानंतर ती परत गेली. काकांनी चौथ्या आठवड्यात दुकान उघडलं. काकींची कॅसेट त्यांनी वेगळ्या डबीत ठेवली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. वर्षातून एकदा, काकींच्या तिथीला, ती यंत्रात घालायचे, काकी जिथे उभ्या आहेत ते वळण बघायचे आणि बंद करायचे. एक बटणसुद्धा दाबत नसत.

तो खेळ कसा आहे हे सगळ्या मुरबाडला ऐकून माहीत झालं होतं. शिपाई मागायचा, म्हातारी मागायची, कंडक्टर तर रोज. पण त्या कॅसेटमध्ये एकाच माणसाचा खेळ राहायची जागा होती. दुसऱ्या कुणी नवा खेळ सुरू केला की काकींचा पुसला जाणार. म्हणून काकांचा सगळ्यांत चांगला खेळ कुणीच खेळू शकत नव्हतं. नक्कल का करून ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खेळ केला तो कॉम्प्युटर जळला, आता खेळ हिच्यातच हाय. नक्कल करायची तर हिलाच उघडायला लागंल, आन तेवढ्यात तिचा चालना गेला तर?" तेवढ्याने ते डबीला हात लावायलाही घाबरायचे.

आता माझं काम सांगते.

दरवर्षी मृगाच्या आधी काका दुकानातल्या पडून असलेल्या सगळ्या वस्तूंतले सेल काढत. मी हाताखाली. त्या वर्षी वनिताचं लग्न ठरत होतं, त्यासाठी ते शहापूरला गेले. निघताना ओट्यावरून म्हणाले, "आभाळ लवकर धरलाय यंदा. सगळ्यातले सेल काढून ठेव."

मी काम अर्धवट सोडत नाही. घड्याळं झाली, यंत्रं झाली, मग कॅसेटी घेतल्या. कॅसेटींच्या पोटातही बटणाएवढा सेल असतो. तो मुळात डाग देऊन बसवलेला असतो, पण काकांनी आपल्या सगळ्या कॅसेटींना घड्याळासारखी पितळी चाप बसवले होते, म्हणजे नखाने उचलला की सेल निघतो. मी पाठीमागचा स्क्रू काढायचे, सेल उचलायचे, कागदात गुंडाळायचे, कागदावर नाव लिहायचे. वेगळी डबीही दिसली. तीही उघडली. खेळ खेळायला लागतो तो सेल यंत्रातला. कॅसेटमधला सेल फक्त आठवण धरून ठेवतो, हे मला माहीत नव्हतं. पाच वर्षं मी त्या दुकानात स्क्रू धरले होते आणि हे कधी विचारलं नव्हतं.

काका चारच्या गाडीने आले. ताटात सगळे सेल ओळीने मांडलेले होते. शाबासकी मिळेल म्हणून उभी राहिले. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि एका पुडीवर थांबले.

"हा पन काढला?"

"सगळ्यातले म्हणालात ना."

ते स्टुलावर बसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला समजलं. "काकींचं गेलं का?" मी विचारलं. "माझ्याकडून गेलं का?"

त्यांनी पुडी सोडली, मीटर ओढला, सेलाला दोन तारा लावल्या. मीटरची तबकडी स्वतःकडे वळवलेली. बराच वेळ बघत राहिले.

"दोन-एक," म्हणाले. "संपतच आला होता. दिवाळी काढली नसती. तू काढला काय, न काढला काय."

मग सेल पुडीत घालून खणात ठेवला आणि म्हणाले, "वनिताचा जमला. मुलगा तलाठी हाय. चा टाक."

मी चहा टाकला. त्या दिवशी मला हलकं वाटलं, हे कबूल करते.

पण दवाखान्यातली माझी सवय अशी की शंका आली की नमुना परत तपासायचा. आठवड्याने काका बाजारात गेले असताना मी खण उघडला. पुडीवर माझंच अक्षर. मीटर लावला. काटा तीनच्या खुणेवर जाऊन स्थिर राहिला. तो सेल तीन व्होल्टचाच होता. जवळजवळ नवा. अजून दहा वर्षं सहज चालला असता.

मी दोनदा मोजलं. पुडी होती तशी ठेवली. काकांना काही बोलले नाही. जावयासमोर सासऱ्याचं घड्याळ दीडशेचं म्हणणारा माणूस, त्याने माझ्यासाठी मीटरची तबकडी फिरवून धरली होती. त्यावर बोलले असते तर त्यांना ते खोटं परत खरं म्हणून सांगावं लागलं असतं.

वर्षभराने माझं लग्न झालं, मी खोली सोडली. निघताना त्यांनी ती डबी माझ्या हातात ठेवली. "तू ठेव. तुझ्या दवाखान्यातला कपाट कोरडा हाय."

"मी काय करू हिचं?"

"खेळ."

मी ते बोलणं शिक्षा म्हणून घेतलं. डबी कपाटात ठेवली, नोकरी सोडून स्वतःची लॅब काढली तेव्हा तिथल्या कपाटात ठेवली, आणि एकदाही यंत्रात घातली नाही. काकांकडे दर दिवाळीला जात होते. ते विचारायचे, "खेळली?" मी म्हणायचे, वेळ नाही मिळाला. ते म्हणायचे, "बरं." पाच वर्षांपूर्वी ते गेले. दुकानात तेव्हा तीन घड्याळं उरली होती, आणि तिन्हींचे मालक आधीच गेलेले होते.

आज वनिताने फोनवर आणखी एक वाक्य म्हटलं होतं. "बाबांना मी दर वर्षी विचारायची, आईचा गेम हाय ना नीट? ते बोलायचे, मुरबाडच्या ताईकडं हाय, तिचा कपाट कोरडा हाय, तू काळजी नको करू."

म्हणजे कॅसेट माझ्याकडे का दिली ते मला वीस वर्षं कळलंच नव्हतं. मुलीने कधी यंत्रात घालू नये, घातली तर रिकामी दिसेल, रिकामी का हे ती विचारील, आणि सेल कुणी काढला ते त्यांना सांगावं लागेल. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने एक खोटं बोलल्यावर ते निभवायला आयुष्यभर किती कष्ट घेतले, ते बघा.

फोनवर हे ऐकूनही मी गप्प बसले असते, तर वनिता असं समजली असती की सेल वयाने संपला. सगळ्या कॅसेटींचे संपतात. कल्याणच्या माणसांनीही तेच सांगितलं असतं. काकांनी तशी सोय करूनच ठेवली होती. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "मग सोड ना. कुणाचं काय बिघडतंय?" मी रेडिओचं झाकण लावलं आणि स्वयंपाकाला लागले.

३१ मे. आज सकाळी डबी घेऊन किन्हवलीवरून जाणारी शहापूरची पहिली गाडी पकडली. वनिताचं घर स्टँडपासून दहा मिनिटांवर. तिने दार उघडलं, पाणी आणायला वळली. मी म्हटलं, "पाणी नंतर. आधी ऐक." आणि उभ्या उभ्या सांगितलं. कॅसेटमधला सेल मी काढला, त्याने आईचं पुसलं गेलं. तुझ्या लग्नाच्या वर्षी. तो चांगला होता, मी मोजला होता. बाबा तुला खोटं सांगत होते ते माझ्यासाठी.

ती खुर्चीत बसली.

"मला वाटलं तुला माहीत आहे," मी म्हटलं. "ते खोटं नाही. पण विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही."

"चांगला होता सेल?"

"तीन व्होल्ट."

"आन बाबा बोलले संपला?"

"दोन-एक म्हणाले."

ती म्हणाली, "रडायचा कशावर तेच कळत नाय, ताई. आईचा गेला त्याच्यावर का बाबा खोटं बोलले त्याच्यावर." आणि थोड्या वेळाने, रागानेच, "तुमी वीस वर्षं खेळल्या पन नाय? तशीच पडू दिलीत?"

"नाही खेळले."

"द्या इकडं."

काकांचं एक यंत्र तिने जपून ठेवलं होतं. मी येताना वाटेत नवा सेल घेतला होता, तो बसवून दिला. ती खिडकीपाशी गेली. पडद्यावर एकच ओळ आली: नवा खेळ. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बटण दाबलं. नाव विचारलं, तिने स्वतःचं घातलं.

खेळ एका घरात सुरू झाला. आपण आत उभे, बाजूला एक टेबल, टेबलाशी एक माणूस वाकून बसलेला. कपाळावर एक काळा ठिपका. हे घर आतापर्यंत काकींखेरीज कुणीच बघितलं नव्हतं. मीही नाही. वनिता त्या माणसाच्या जवळ गेली आणि बटण दाबलं. खाली अक्षरं उमटली:

"चहा ठेवलाय झाकून. सावकाश फिर."

वनिताने ते वाचलं. मग मोठ्याने वाचलं. "बाबा? चहा? अहो, त्यांना गॅस पेटवता येत नव्हता!" ती हसायला लागली, आणि हसता हसता नाक पुसायला लागली. पुन्हा बटण दाबलं. तेच वाक्य. तिसऱ्यांदा दाबलं.

मग पडद्यावर ती दाराकडे वळली, बाहेर पडली, आणि मुरबाडच्या रस्त्याला लागली. माझी परतीची गाडी साडेनऊला होती. लॅबमध्ये लोक उपाशीपोटी येऊन बसले असणार हे मला माहीत होतं. मी मुलीला फोन करून लॅब उघडायला सांगितलं आणि गाडी जाऊ दिली.